लाल फडक्यातली पोथी

दातिवऱ्यात शांताराम गुरुजींना कोणी घाबरत नसे; घाबरत ते त्यांच्या काखेतल्या पोथीला. गुरुजी स्वतः मुंगीला वाट करून देणारे. तीस वर्षं शाळेत पोरांना पाढे शिकवले, त्यात कोणाला छडी लागली असलीच तर ती चुकून. पण गावाने त्यांच्या गळ्यात एक काम घातलं ते कायमचं. कोणाच्या घरी माणूस गेलं की गुरुजींना बोलावणं जायचं. मग गुरुजी लाल फडक्यात बांधलेली गीता काखेत मारून यायचे आणि मयताच्या उशाशी बसून पंधरावा अध्याय म्हणायचे. चाळीस वर्षं हे चाललं, आणि व्हायचं तेच झालं. गुरुजी लाल फडकं घेऊन ज्या आळीत वळतील त्या आळीतल्या बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या. एकदा ते बिचारे लाल पिशवी घेऊन वांगी आणायला निघाले, तर दोन घरच्या बायका चुलीवरची भाकरी टाकून रस्त्यावर आल्या. तेव्हापासून भाजीला ते पांढरी पिशवी नेत. गाव या गोष्टीवर हसायचं. होड्या बंदरात असताना हसायचं, एवढंच.

रत्नाबाईला ती पोथी डोळ्यांसमोरही नको असे. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा पालघरच्या दवाखान्यात वारला तेव्हा गुरुजी तिच्या ओटीवर तासभर बसून गेले होते. त्यानंतर तिने ती जागा तीनदा शेणाने सारवली. बाई तशी कोणाला दबणारी नव्हती. नवऱ्यामागे तिने होडी विकली नाही, मुलाला, धर्मेशला होडीवरचा म्होरक्या, तांडेल केलं, पाच खलाशी सांभाळले, आणि बर्फवाल्यापासून डिझेलवाल्यापर्यंत सगळ्यांना आपल्या जिभेचं पाणी दाखवलं. पण दर्यावर पोर गेलेल्या आईचं धैर्य किती, तर वारा पडलेला असेल तेवढं. वारा उठला की सगळा कारभार संपला.

आणि अशा घरात नातीने काय उचलावं, तर गीता. हिमानी नववीत होती. मार्गशीर्षात पालघरला गीता पाठांतराची स्पर्धा असते, तिथे शाळेने हिचं नाव दिलं. अध्याय अठरा आहेत. पोरीने निवडला तो नेमका पंधरावा. का, तर त्यात वीसच श्लोक. आळशी माणसाला देवही छोटाच लागतो. रत्नाबाईने तिला बजावून ठेवलं होतं की शाळेत म्हण, झाडाखाली म्हण, पण बाप दर्यावर असताना या घरात तो अध्याय तोंडातून काढायचा नाही.

पोरीने तो सोमवारी सकाळी काढला. बाप अजून दर्यावर गेला नव्हता, ओटीवर चहा पीत होता, म्हणजे आजीची आज्ञा काही मोडली नाही, असा तिचा हिशोब. अंगणात बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन जिव्या उभा होता. जिव्या त्यांचाच खलाशी, चोवीस-पंचवीसचा, आळीच्या टोकाला राहणाऱ्या मंजुळाचा एकुलता एक. मंजुळाही रोज रत्नाबाईच्याच अंगणात बोंबील वाळत घालायला येई. त्या वेळीही ती पलीकडे वलांडीच्या बांबूंवर बोंबलांच्या जोड्या अडकवत होती.

"म्हण, म्हण," धर्मेश पोरीला म्हणाला. "मी ऐकतो."

हिमानीने डोळे मिटून पहिले चार-पाच श्लोक घडाघडा म्हटले. जिव्याने पेटी खाली ठेवली.

"याचा अर्थ काय गं?"

"एक झाड हाय. त्याची मुळं वर आणि फांद्या खाली."

"मग त्याच्यावर चढायचं कसं?"

"चढायचं नाय. तोडायचं."

जिव्या हसला. तेवढ्यात रत्नाबाई घरातून आली आणि पहिलं काय केलं असेल तर पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग ती तशीच आत गेली, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन आली आणि धर्मेशवरून तीनदा ओवाळून मूठ चुलीत टाकली. मिरच्यांचा ठसका उठला तेव्हा तिला जरा बरं वाटलं. जिव्या धर्मेशपासून दोन हातांवर उभा होता. तोही खोकला. मग पेटी पुन्हा खांद्यावर घेऊन तो बंदराकडे गेला.

मंगळवारी दुपारपर्यंत दर्या तेलासारखा होता. संध्याकाळी वारा उठला. डिसेंबरात असा वारा उठत नाही, आणि म्हणूनच कोणी तयारीत नव्हतं. इशारा आला तोवर पत्रे उडायला लागले होते. जवळच्या होड्या बुधवारी पहाटेपर्यंत एकामागून एक खाडीत शिरल्या. धर्मेशची होडी सोमवारीच निघून लांब गेली होती. तिचा वायरलेस मंगळवारी दिवेलागणीला एकदा बोलला, "जाळं ओढतोय, निघतो", आणि मग गप्प झाला.

बुधवारचा दिवस कसा गेला ते रत्नाबाईला नंतर कधी नीट आठवलं नाही. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत धर्माजी तांडेल वायरलेससमोर बसून होता आणि ती दर तासाला तिथे जाऊन येत होती. धर्माजी नुसती मान हलवी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनाने त्या एका दिवसात मुलाला दहा प्रकारांनी बुडवलं. दर वेळी शेवटी तिला ओटीवर मिटल्या डोळ्यांनी उभी असलेली नात दिसायची आणि अध्यायाचा तो सूर ऐकू यायचा. जिवंत माणसाला त्याच्या तोंडावर पंधरावा ऐकवला होता. आता दर्याने आणखी काय ऐकायचं बाकी ठेवलं होतं?

तिने हे पोरीला बोलून दाखवलं नाही. पण हिमानी दोन दिवस जेवली नव्हती, आणि आजी तिला जेव म्हणत नव्हती. एवढ्यावरून जे कळायचं ते पोरीला कळलं होतं.

सून भावना बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. बुधवारी ती घरी बसली, पण गुरुवारी सकाळी टोपलीत सुकट भरून निघाली. "घरात बसले तर येडी होईन, आत्या," एवढंच म्हणाली. मंजुळा मात्र दोन्ही दिवस कामाला आली. वाऱ्याने वलांडी आडवी केली होती, ती तिने एकटीने उभी केली. वाळूत पडलेले बोंबील वेचले, धुतले, पुन्हा अडकवले. मधूनच ती विचारी, "वयनी, काय कळला?" रत्नाबाई म्हणे, "कळला तर सांगेन ना. सारखा काय इचारतेस?" मग मंजुळा पुन्हा बोंबलांकडे वळे. तिचंही पोर त्याच होडीवर होतं, हे रत्नाबाईला माहीत नव्हतं असं नाही. पण भीती माणसाच्या डोळ्यांवर झापड बांधते. आपल्या घराखेरीज दुसरं घर दिसत नाही.

गुरुवारी नऊच्या सुमारास आळीच्या तोंडाशी कुत्री भुंकली. रत्नाबाई ओटीवर उभी होती. तिने तिकडे पाहिलं.

शांताराम गुरुजी येत होते. काखेत लाल फडकं होतं.

वाटेतल्या पहिल्या घराचं दार उघडलं. एक बाई बाहेर आली, तिने पदर डोक्यावर घेतला आणि गुरुजींच्या मागे चालू लागली. दुसऱ्या घरातून दोघी आल्या. कोणी कोणाला विचारलं नाही. दातिवऱ्यात पोथीच्या मागून जायची रीतच आहे, विचारायचं काय? चौथ्या घरातल्या बाईने पोरांच्या हातातले चहाचे कप काढून घेतले. गुरुजींना कमी दिसायचं, बारीक आवाज ऐकू येत नसे. मागे काय जमत चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. ते खाली मान घालून, काठी टेकत, एकेक घर मागे टाकत येत होते. रत्नाबाई मनात घरं मोजत होती. एक घर टळलं. दुसरं टळलं. पुढे तिचंच घर होतं, आणि त्यानंतर टोकाचं मंजुळाचं. जा, जा, पुढं जा, ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. गुरुजी तिच्या अंगणात वळले.

तिने दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"आत यायचं नाय."

गुरुजी थांबले. "रत्ना, अगं..."

"भाऊ, पाया पडते, पन तितनंच मागं फिरा. माझा पोर जिता हाय. ही इथं नको. दुसऱ्याच्या दाराला घेऊन जा."

आवाज चढला होता. वलांडीपाशी मंजुळाच्या हातातली बोंबलांची जोडी तशीच राहिली.

गुरुजींनी मागे वळून पाहिलं आणि त्यांना पदर घेतलेल्या दहा-बारा बायका दिसल्या. तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. मी हिमानीकडे आलो. शनिवारी तिची स्पर्धा आहे. तीच म्हणाली होती मागच्या आठवड्यात, उच्चार ऐका म्हणून. मला वाटलं, पोरीचं मन जरा गुंतेल. काही बातमी नाही, बायांनो. जा, घरी जा."

बायका गेल्या, पण निम्म्या विश्वासाने. तोवर कोणाच्या तरी फोनवरून बातमी बोईसरला पोचलीही होती. पंधरा मिनिटांत भावनाचा फोन आला. आधी पाठीमागे बाजारात कोणी तरी हिंदीत भाव विचारत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग तिने विचारलं, "आत्या, पोथी आली का घरी?" तिला समजावता समजावता रत्नाबाईच्या नाकी नऊ आले. तरी ती "मी निघते" म्हणालीच.

गुरुजी अंगणातच उभे होते. हिमानी दाराआड होती. त्यांनी तिला हाक मारली आणि ती तिथूनच म्हणाली, "आबा, मी पप्पांच्या समोर म्हटला. म्हणून झाला का?"

रत्नाबाईने त्या वेळी "नाय" म्हणायला हवं होतं. ती गप्प राहिली.

"इकडे बघ," गुरुजी म्हणाले. "ही मेलेल्या माणसाला कोणी सांगितली का गं? ज्याला सांगितली तो चांगला जिवंत होता, रथात उभा होता. समोर लढाई बघून त्याचे हातपाय कापायला लागले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून गळलं. त्या भ्यालेल्या माणसाला सांगितली ही. तुझं काम कर, पुढे काय होईल त्यावर तुझा हात नाही, आणि जे खरं आहे ते मरत नाही, म्हणून सांगितली. आम्ही काय केलं? भ्यालेल्या माणसाच्या हातून काढून घेतली आणि मयताच्या उशाशी नेऊन ठेवली. चूक माझीच आहे. चाळीस वर्षं मी बोलावतील तिथे गेलो. एकदा तरी जिवंत माणसाच्या घरी जायचं होतं."

रत्नाबाई कोरडी बोलली, "आज आलात ना. बगा काय झाला ते."

"बघितलं." गुरुजींनी पोथी दुसऱ्या काखेत घेतली. "रत्ना, त्या लढाईत आंधळा राजा पहिलंच काय विचारतो ठाऊक आहे? माझी पोरं आणि भावाची पोरं काय करताहेत? दोन्ही त्याच्याच घरची, पण त्याने पहिल्याच शब्दाला वाटणी केली. आंधळा होता तो तिथे, डोळ्यांनी नव्हे." ते एवढं बोलून निघाले. जाताना त्यांनी वलांडीकडे पाहून मंजुळाला हात जोडले. ते गेल्यावर रत्नाबाईने बादलीभर पाणी आणून अंगणातली त्यांची पावलं धुऊन काढली. मंजुळा हे सगळं पाहत होती. तिने पुढची जोडी बांबूला अडकवली.

अकरा वाजता धर्माजी धावत आला. एवढ्या वयाचा माणूस धावतोय म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सातपाटीच्या एका होडीला धर्मेशची होडी सापडली होती. इंजिन बंद, होडी वाहत चाललेली. तिला दोर बांधून ते घेऊन येत होते.

"माणसं?" रत्नाबाईने विचारलं.

धर्माजीने खाली पाहिलं. "पाच हायत म्हनाला."

गेले होते सहा.

"कोन नाय?"

"सातपाटीचा तांडेल, त्याला नावं ठाव नायत. त्यांना इचारून सांग म्हटला मी, तर म्हनाला, असली गोष्ट फोनवर नाय सांगनार. किनाऱ्याला आल्यावर तेच बोलतील. आणि मग रेंज गेली."

सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. एकच्या सुमारास दोन होड्या दिसल्या, एकीमागे एक. पण ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, भरतीचं पाणी चढल्याशिवाय त्यावरून होडी येत नाही. होड्या तिथेच, हाकेच्या पलीकडे उभ्या राहिल्या. भरतीला अजून दोन तास होते.

ते दोन तास रत्नाबाई वाळूत बसून होती. तिच्या एका बाजूला भावना होती. बोईसरहून रिक्षाने ती तशीच आली होती, हाताला सुकटीचा वास होता. दुसऱ्या बाजूला कोण येऊन बसलं ते आधी तिने पाहिलंच नाही. मग पाण्याची बाटली पुढे आली. मंजुळा होती.

"घोटभर घे, वयनी. सकाळपासून काय घेतला नाय तू."

रत्नाबाईने पाणी घेतलं. बाटली परत देताना दोघींचे हात लागले, दोन्ही हात बर्फासारखे गार होते. बाकीच्या चार खलाशांच्या बायकाही पसरून बसल्या होत्या, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सहा घरं होती आणि त्यातलं एक घर फुटलेलं होतं. कुठलं ते होडीतल्या माणसांना ठाऊक होतं. ती माणसं दिसत होती, पण ओळखू येत नव्हती. गणपतीत आळीने सगळ्यांना सारखे निळे टी-शर्ट वाटले होते, तेच पाचही जणांच्या अंगात होते.

"हिमानी, तुझी नजर चांगली. पप्पा दिसतो का?"

"निळे पाच दिसतात, आजी. तोंड नाय दिसत." पोर रडत नव्हती. ती दर्याकडे टक लावून होती आणि तिचे दात वाजत होते.

रत्नाबाईने विरारच्या डोंगराकडे तोंड केलं. डोंगर इथून दिसत नाही, पण दिशा ठाऊक होती. जीवदानी आई, ती मनात म्हणाली, चांदीचा पाळणा वाहीन. मग म्हणाली, अनवाणी येईन. मग तिच्या मनात जे आलं ते तिने आणलं नव्हतं, ते आपणहून आलं. कोणाचा पण ने. माझा नको. पाचांतला कोणाचा पण ने. तिने ते थांबवायचा प्रयत्न केला, पण ते थांबेना. वाक्य नुसतं फिरत राहिलं. मंजुळाचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता, आणि तरीही ते फिरत राहिलं. त्या घटकेला तिला दर्याची नव्हे, स्वतःची भीती वाटली.

तीन वाजता पाणी चढलं. पुढची होडी बांधावरून आत आली, मागची तिच्या मागून. पोरांनी दोर धरले. निळा टी-शर्ट घातलेला एक माणूस होडीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि चालत येऊ लागला. ती चाल रत्नाबाईने अंधारातही ओळखली असती. धर्मेश होता.

तिच्या छातीतून काहीतरी सुटलं आणि तिला हसू आलं. तोंडभर आलं. ते पुसायच्या आत तिने मान वळवली, तर मंजुळा तिच्याच तोंडाकडे पाहत होती. मंजुळा दर्याकडे पाहतच नव्हती. तिला उत्तर इथेच मिळालं होतं.

धर्मेश आईकडे आला नाही, बायकोकडे आला नाही. तो येऊन मंजुळाच्या पायांवर पडला. "काकी, जाळं पंख्यात गुतलं. इंजिन बंद पडला, होडी आडवी झाली. पान्यात उतरून जाळं तोडायला लागनार होता. पाळी माझी होती. मी दोर कमरेला बांधला बी होता. जिव्यानं सोडून घेतला. म्हनाला, तू सुकानू धर, माझं काम हे हाय. त्यानं तोडला, काकी. सगळा जाळा तोडला. मग लाट आली आणि दोराचा टोक तेवढा वर आला."

मंजुळा उठली. पदराला लागलेली वाळू तिने झटकली. "म्हंजे अजून तितंच हाय तो," ती म्हणाली. "तुमी त्याला तितं सोडून आलात." आणि ती आळीकडे चालायला लागली.

पाणी उतरायच्या आत चार होड्या शोधायला निघाल्या. धर्मेश वळला आणि पहिल्या होडीकडे गेला. त्याने घोटभर चहाही घेतला नव्हता. रत्नाबाईने मागून त्याचा दंड पकडला. वारा अजून पुरता पडला नव्हता, क्षितिजावर काळं होतं. "तू नको जाऊ. बाकीचे जातात. दोन दिसांचा उपाशी तू." भावनाही रडत होती.

"आये, जागा मला ठाव हाय. त्यांना नाय ठाव."

रत्नाबाईने तो दंड घट्ट धरला होता. बोटं उघडत नव्हती, तिने ती एकेक करून उघडली. तिने तोंडाने "जा" म्हटलं का, ते तिला आठवत नाही. होडी गेली ती तिने पाहिली. मुठीत मीठ नव्हतं आणि ते आणायला ती घरी पळाली नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा ती हिमानीला घेऊन शांताराम गुरुजींच्या दारात उभी राहिली. गुरुजी कॉटवर बसून होते, पोथी कोनाड्यात होती.

"पोथी द्या, भाऊ."

"बोलावणं आलंय का मंजुळाचं?"

"नाय."

"पोर अजून सापडलं नाही, रत्ना. इतक्यात कशी..."

"तुमीच म्हनालात ना सकाळी, भ्यालेल्याला सांगितली म्हनून. मग द्या."

गुरुजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि लाल फडकं तिच्या हातात ठेवलं. अकरा वर्षं जिच्या वाऱ्याला ती उभी राहिली नव्हती ती वस्तू हातात घेतल्यावर इतकी हलकी लागेल असं तिला वाटलं नव्हतं. वाटेत ती थांबली आणि नातीला म्हणाली, "तुझ्या म्हनन्यानं काय झाला नाय. ऐकलास? मी सकाळीच बोलायला पायजे होते. भ्याले होते गं मी." हिमानीने तिचा पदर धरला आणि तेव्हा कुठे ती पोर रडली.

आळीतून ती पोथी घेऊन चालली तेव्हा दारं उघडत गेली. पण या वेळी मागून कोणी आलं नाही. बायकांना कळेना की काय समजायचं. रत्नाबाई स्वतःचं घर ओलांडून पुढे गेली, टोकाच्या घराशी. मंजुळा दारातच उभी होती. तिने लाल फडकं पाहिलं आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

"ही इथं नको, वयनी. माझा पोर दर्यात हाय. दुसऱ्याच्या दाराला घेऊन जा."

सकाळचेच शब्द होते. मंजुळाने ते टोचून म्हटले नव्हते. भ्यालेल्या माणसाच्या तोंडात तेच येतात.

"बरं," रत्नाबाई म्हणाली. पण ती फिरली नाही. ती दाराबाहेर पायरीवर बसली आणि पोथी मांडीवर ठेवली, न सोडता. "आत आनत नाय. उघडत बी नाय. मी हितंच बसते. धर्मेश परत गेलाय दर्यात. घरात एकटीला बसवत नाय मला."

 समोर खाडी काळी पडत गेली, गेलेल्या चार होड्यांचा एकही दिवा दिसत नव्हता. रत्नाबाई फडक्याची गाठ बोटाने चाचपत राहिली. शेवटी जे बोलायचं होतं ते वेडंवाकडंच बाहेर पडलं.

"सोमवारी मी धर्मेशवरून मीठ-मोहरी ओवाळली. जिव्या तितंच हुबा होता. मूठ जरा लांब नेली असती तरी... मी नाय नेली, मंजुळा."

"मी बगत होते," मंजुळा म्हणाली.

रत्नाबाईला मान वर करवेना.

"वलांडीजवळनं बगत होते. तवा मला काय वाटलं सांगू?" मंजुळाचे हात चौकटीवरून खाली आले. "वाटलं, बरोबर हाय. माझ्या पोराला कशाला लागेल कोनाची नजर? हाय काय त्याच्याकडं?"

ती हळूच खाली बसली, उंबऱ्याच्या आत ती आणि बाहेर रत्नाबाई. हिमानी दोघींच्या मधे येऊन टेकली. दर्यावरून वारा येत होता, आणि दर झुळकेला दोघींची मान एकदम खाडीकडे वळत होती.